काफू, मोलिम!

सारायेवोच्या जुन्या बाजारात, म्हणजे बाश्चार्शियात, कॉफी येते ती तांब्याच्या तबकातून. लांब दांड्याचं भांडं म्हणजे जेझ्वा, बिनकानाचा चिमुकला पेला म्हणजे फिल्जान, शेजारी साखरेचे खडे. कॉफीला इथं काफा म्हणतात. पण नवखा पाहुणा 'काफा' मागतो, तेव्हा वेटर मिशीत हसतो. मागताना म्हणायचं, 'काफू, मोलिम'. काफा वाक्यात कर्म झाली की तिचं शेपूट बदलतं.

'स, ला, ते' घोकलेल्या मराठी माणसानं इथं फार बिचकू नये. या भाषेत विभक्त्या सात, संबोधन धरून. 'उ सारायेवो' म्हणजे सारायेवोला, 'उ सारायेवू' म्हणजे सारायेवोत आणि 'इझ सारायेवा' म्हणजे सारायेवोहून. साखर ती 'शेचेर', पण बिनसाखरेची हवी तर 'बेझ शेचेरा'. (चारशे वर्षांहून अधिक तुर्की अंमल होता, त्यामुळे साखरेची ही बहीण इथं भेटते आणि दुकानाला 'दुचान' म्हणतात!) खरी फजिती होते पैसे मोजताना. एक 'मार्का', दोन 'मार्के', पण पाच झाले की 'माराका'. पाचाला अनेकवचनी षष्ठी लागते, कारण विचारून उपयोग नाही.

विभक्त्या पाठ होतात. क्रियापदं मात्र घाम फोडतात. जवळजवळ प्रत्येक क्रियापदाची जोडी असते: एक चालू असलेल्या किंवा वारंवार घडणाऱ्या क्रियेचं, दुसरं पुरी झालेल्या क्रियेचं. 'पिति' आणि 'पोपिति'. 'पिओ साम काफू' म्हणजे कॉफी पीत होतो, 'पोपिओ साम काफू' म्हणजे पिऊन संपवली. आपल्याकडे 'वाचत होतो' आणि 'वाचून काढलं' यांत जो फरक, तोच. फक्त आपण वाटलं तर करतो, इथं बोलणाऱ्याला दरवेळी निवड करावीच लागते.

या भाषेचं नाव काय, हा प्रश्न मात्र जपून विचारावा. युगोस्लावियाच्या काळात ती शाळेत सर्बोक्रोएशियन म्हणून शिकवली जाई. 1995 च्या डेटन कराराच्या प्रती बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन आणि इंग्रजीत निघाल्या. पहिल्या तिन्ही भाषांतली विभक्तीची आणि क्रियापदांची व्यवस्था जवळपास एकच आहे. पण झाग्रेबमध्ये कॉफी 'कावा' होते आणि पावाला 'क्रुह' म्हणतात. बेलग्रेडमध्ये पाव 'ह्लेब'. पाव मागणारा कुठला, हे लोक ओळखतात, आणि युद्धाच्या दिवसांत अशा ओळखीला फार मोल होतं.

एप्रिल 1992 ते फेब्रुवारी 1996 सारायेवोला वेढा होता. त्या काळात घर सोडून गेलेली माणसं आज जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडनमध्ये राहतात आणि उन्हाळ्यात गावी येतात. परतण्यासाठीही दोन क्रियापदं आहेत. कायमचा परत आलेला म्हणतो, 'व्रातिओ साम से'. दर वर्षी येऊन महिनाभरानं पुन्हा जाणारा म्हणतो, 'व्राचाम से'. बाजारात जुना शेजारी भेटतो आणि पहिल्या क्रियापदानं विचारतो, आलास परत? उत्तर दुसऱ्या क्रियापदानं येतं. शेजारी मान हलवतो आणि आणखी एक फिल्जान मागवतो.