मैलाचे दगड

प्रवासाची आवड नसलेला मनुष्य विरळा. परंतु वाटेच्या कडेस उभे असलेले दगड वाचीत जाण्याची आवड मात्र थोड्यांनाच असते. आम्ही त्या थोड्यांपैकी आहोत. मांडवीहून निघून रत्नागिरी शहर मागे टाकले की हातखंब्यापाशी मुंबई-गोवा महामार्ग लागतो. हातखंबा हे नाव ऐकताच वाटसरूस हात करून दिशा दाखविणारा खांब आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो! तेथून पुढे दगड भेटू लागतात. पिवळ्या डोक्याचे राष्ट्रीय महामार्गाचे, हिरव्या डोक्याचे राज्यमार्गाचे. त्यांवरील आकडे किलोमीटरांचे. तरीही त्यांस 'किलोमीटरचा दगड' असे कोणी म्हणत नाही. मैल रस्त्यावरून जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, पण भाषेतून त्यास हुसकून लावणे कोणास साधले नाही.

हे स्थित्यंतर कसे घडले, ते आमच्या बालवाचकांस ठाऊक असावे. प्रथम नाणी बदलली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा पैसे होत. पण पाव पैसा द्यावा कसा? म्हणून एका आण्याचे सहा आणि तीन आण्यांचे एकोणीस पैसे धरीत, आणि गिऱ्हाईक व दुकानदार दोघेही आपणच बुडालो असे मानून घरी जात! मागोमाग १९५६ च्या कायद्याप्रमाणे १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो, लिटर आणि मीटर टप्प्याटप्प्याने आले. शेर, मण, पायली, खंडी ही कोकणच्या ओटीवरील जुनी मंडळी. त्यांस निरोप देताना वडीलधाऱ्यांस वाईट वाटले असल्यास नवल नाही. परंतु एका पेठेतील शेर दुसऱ्या पेठेत शेर राहत नसे, हेही तितकेच खरे. गरिबाचे नुकसान बहुधा त्या फरकातच होई.

रस्त्याची गोष्ट निराळी होती. मैल आमचा नव्हताच. रोमन शिपायांच्या हजार दुहेरी पावलांतून तो जन्मला आणि इंग्रजांबरोबर इकडे आला. आमचा होता तो कोस, आणि त्यास मैलानेच आधी गिळले होते. तेव्हा किलोमीटरने मैलास घालविले म्हणून आम्ही सुतक का पाळावे?

गंमत अशी की ज्यांनी आम्हांस मैल शिकविला, त्यांच्या घरी हा वाद अजून मिटलेला नाही. इंग्लंडच्या सरकारने १९६५ साली मेट्रिक मापे घेण्याचे जाहीर केले. रस्त्यांवरील पाट्या १९७३ मध्ये बदलावयाच्या होत्या. १९७० च्या डिसेंबरात तो बेत सोडून देण्यात आला. तेथील लोक मेट्रिकमध्ये माल मोजतात आणि मैलांत गाडी हाकतात! ऑस्ट्रेलियाने १९७४ साली पाट्या बदलल्या, कॅनडाने १९७७ साली, आयर्लंडने वेगमर्यादेच्या पाट्या २० जानेवारी २००५ रोजी. अमेरिका मात्र आपल्या मैलावर ठाम आहे. खर्च फार, सवय जुनी, असे विरोधक म्हणतात. ते अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण आमच्या मते सवयीपेक्षा अभिमानच तेथे अधिक बोलतो. मेट्रिकपासून दूर राहिलेल्या देशांत अमेरिकेच्या पंक्तीस ब्रह्मदेशाचेही नाव घेत. त्याच देशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ साली मृत्यू येईपर्यंत आमच्या रत्नागिरीत बंदिवान होता. त्या देशानेही २०१३ साली मेट्रिककडे वळण्याचे जाहीर केले.

पाटीवरील आकडा चुकीचा समजला तर फार तर पोहोचण्यास उशीर होतो. जमिनीचे तसे नाही. आमच्या घरी वाटणीचा एक जुना कागद आहे. त्यात आमच्या वाडीचे क्षेत्र दोन एकर पंधरा गुंठे, म्हणजे पंचाण्णव गुंठे, लिहिले आहे. सातबारावर मात्र हेक्टर आणि आर. एकदा पुन्हा वाटणीची बोलणी निघाली, तेव्हा थोरले काका म्हणाले, "गुंठा काय नि आर काय, सारखेच." धाकटे काका म्हणाले, "सारखे असते तर दोन नावे कशाला असती, दादा?" आवाज चढू लागले. तेवढ्यात आठवीत शिकणाऱ्या आमच्या पुतणीने पाटी घेतली. आर म्हणजे शंभर चौरस मीटर. गुंठा म्हणजे १०१.१७. पंचाण्णव गुंठ्यांचे ९६.११ आर भरले. सारखे धरले असते तर १११ चौरस मीटर जमीन कागदावरून नाहीशी झाली असती, म्हणजे दोन माडांची जागा! काका दोघेही बराच वेळ त्या पाटीकडे पाहत राहिले. मग थोरल्यांनी चहा मागविला. दोन माडांपायी भाऊबंदकी झालेली घरे आम्ही पाहिली आहेत, म्हणून त्या चहाचे मोल आम्हांस कळले.

समुद्रावर मात्र किलोमीटरचे राज्य अद्याप नाही. पृथ्वीच्या अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. देशाची सागरी हद्द १९७६ च्या कायद्याने बारा सागरी मैल ठरली आहे. खोली तर आमच्या धक्क्यावरील जुने लोक अजून वावेने सांगतात. एका वृद्ध तांडेलांस आम्ही विचारले, "तांडेल, वाव म्हणजे मीटर किती हो?" त्यांनी उत्तर न देता दोन्ही हात फैलावले. आम्हीही त्यांच्या शेजारी उभे राहून हात पसरले. आमची वाव त्यांच्याहून चार बोटे आखूड भरली.