कोकणवाटेची दैनंदिनी : आईचं पाणी

शुक्रवार, चिपळूण. रात्री साडेदहा.

पहाटे पाचला ठाणं सोडलं. माणगावात अडीच तास अडकलो. चिपळूणला पोचेपर्यंत सव्वातीन. डिझेल ३,२००, चहा ६०, लॉज २,४०० (सुट्ट्यांचा भाव), रात्रीचं जेवण ७८०.

आईची साखर सकाळी उपाशीपोटी २१४. भाऊबीजेपर्यंतच्या फराळाचा परिणाम. डॉक्टरांनी निघताना एकच नियम दिला होता : ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. आज त्या नियमाची किंमत कळली. माणगावच्या अलीकडे ‘दहा मिनिटांत नाश्ता’ असं सगळे म्हणत होते, त्या दहा मिनिटांचे अडीच तास झाले. इन्सुलिन आधी घेतलं असतं तर आई त्या रांगेतच घामाघूम होऊन पडली असती. डब्यातली पोळी-भाजी काढली, मग सुई, मग लगेच जेवण. सगळं गाडीतच.

पण पाणी पीत नाही. दिवसभरात अर्धी बाटलीसुद्धा नाही. विचारलं की म्हणते, ‘तहान नाही गं.’ तहान नसते असं नाही. जायची सोय नसते. वाटेत तीन ठिकाणी थांबलो. एकीकडे कुलूप, एकीकडे पाणी नाही, तिसऱ्या ठिकाणी दाराला कडीच नाही. आईच्या वयाच्या बायका यावर एकच उपाय जाणतात, पाणीच न पिणं. साखर वाढलेल्या माणसाचं शरीर लघवीवाटे पाणी टाकत राहतं, वरून भर नाही, मग चक्कर, मग जळजळ, मग मूत्रमार्गाचा संसर्ग. मागच्या दिवाळीत हेच झालं होतं.

पाय सुजलेत. उशीवर ठेवून झोपवलंय.

शनिवार, मालवण. उशीर झालाय, पण लिहितेच.

महाड काल ओलांडलं, ते लिहायचं राहिलं. तिथून जाताना आई नेहमी हात जोडते. तिचं माहेर संगमेश्वरकडचं. तिच्या लहानपणी विंचू चावून चुलतभाऊ गेला. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. रक्तदाबासाठीचं प्राझोसिन हे औषध इथे कामी येतं, हे त्यांनी दाखवून दिलं आणि कोकणातली कितीतरी घरं वाचली. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली होती. आज सकाळी लॉजवर तिने सगळ्यांचे बूट झटकायला लावले, माझेही.

आता आजची गोष्ट. राजापूरच्या पुढे एका वळणावर टपरी होती. चहा, कोकम सरबत, उकडलेली अंडी. बाई पन्नाशीच्या. आई गाडीतून उतरून नुसती उभी राहिली, इकडेतिकडे बघत. बाईंनी एका नजरेत ओळखलं. चहाची किटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘आजी, मागे घर आहे माझं. सरळ आत जा. बादली भरलेली आहे, लाजू नका.’

घरामागे पत्र्याचं, आतून पांढरी फरशी लावलेलं संडास-न्हाणीघर. कडी शाबूत. खिळ्याला टॉवेल, कोनाड्यात साबणाची वडी. कोपऱ्यात झाकणाची कचऱ्याची बादली आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे. ती बादली कशासाठी ते बायकांना सांगावं लागत नाही.

मी पैसे देऊ लागले तर घेईनात. मग बोलत्या झाल्या. त्यांची सून बाळंतपणाला मुंबईहून एसटीने आली होती, सातवा महिना. सहा-सात तास तिने पाणी घेतलं नाही, घरी पोचताच ताप भरला. ‘तेव्हापासून ठरवलं, माझ्या दारावरून जाणारी बाई अडून राहायची नाही.’ गणपतीत तर सकाळपासून रांग असते, म्हणाल्या. पाणी विहिरीवरून स्वतः आणतात. त्या बदल्यात कुणी चहा घेतो, कुणी तोही घेत नाही.

आईने तिथे दोन पेले कोकम घेतलं, बिनसाखरेचं, मीठ-जिरं घालून. मग गाडीत बसल्यावर आपणहून बाटली मागितली. प्रवास सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

त्या टपरीवर २४० रुपये झाले, अंडी धरून. मुद्दाम जास्त घेतली.

रविवार, मालवण.

खोली १,८००. माशांचं जेवण चौघांचं १,३५०. आईची साखर १६८. इन्सुलिन घरमालकिणीच्या फ्रिजमध्ये ठेवलं, दाराच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ नको असं दोनदा सांगितलं, कारण गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. ऊन फार. बंदरावरचं सार्वजनिक स्वच्छतागृह बंद. पुन्हा तेच.

सोमवार, मालवण.

पोराचं पोट बिघडलं. काल संध्याकाळी किनाऱ्यावर बर्फाचा गोळा खाल्ला होता, ह्यांनी घेऊन दिला. पहाटेपासून पाच वेळा.

औषधाच्या दुकानात गेले. मी ओआरएस मागितलं, दुकानातल्या मुलाने समोरची रंगीत पाकिटं दाखवली, नळी लावून प्यायची. ती गोड पेयं. जुलाबात इतकी साखर गेली तर आतड्यात आणखी पाणी ओढलं जातं. असल्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली, त्यासाठी हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई वर्षानुवर्षं भांडल्या. मी पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र बघून घेतली. एक पुडी, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, आख्खी पुडी एकदम. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकायची नाही. चोवीस तासांत उरेल ते ओतून द्यायचं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

चमच्या-चमच्याने पाजत दुपार गेली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून आयाबहिणींच्या हाती दिलं. पाजायला नर्स लागत नाही, जवळचं माणूस पुरतं, हे तिथे सिद्ध झालं. आज माझ्या हातात चमचा होता म्हणून ते फार जवळचं वाटलं.

तिसऱ्या प्रहरी घरमालकीण काकू उकड्या तांदळाची पेज घेऊन आल्या. ‘झिलाक ह्या दी. पोटाक बरी पडता.’ पितळी वाटीत पातळ पेज, मिठाचा खडा, बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड, ती फक्त वासाला. पोराने तीन दिवसांत पहिल्यांदा हट्ट न करता वाटी संपवली. काकूंचं शास्त्र आणि पुडीवरचं शास्त्र एकाच दिशेचं आहे. तांदळाच्या पिठाचं ओआरएसही असतं आणि कॉलऱ्यात ते उपयोगी पडतं. जुलाबात उपाशी ठेवू नका हे डॉक्टर आता सांगतात, काकूंच्या सासूबाई कधीपासून सांगत होत्या.

रात्री दोनदाच. लघवी नीट झाली. रक्त नाही, ताप नाही, डोळे खोल गेलेले नाहीत. हे तपासत जागी आहे. यातलं काही दिसलं असतं तर १०८ ला फोन करायचा, ठरलेलं होतं.

मंगळवार.

विश्रांती. पुड्या ८८, शहाळी १६०. पोरगा उठून खेळला. जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांनी चौदा दिवस सांगितल्यात, बरं वाटलं तरी. डॉक्टर २००.

बुधवार, मालवण.

होडीने सिंधुदुर्ग. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. १६६४ मध्ये बांधकाम सुरू करताना महाराजांनी जागा निवडली ती हे पाणी असलेलीच. आई विहिरीच्या कठड्याला धरून बराच वेळ उभी होती. ‘आधी पाण्याचा विचार केला बघ,’ एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आणि त्या टपरीवाल्या बाईंनी पुढचा. किल्ल्यावर तिने बाटली संपवली, उतरल्यावर खोलीवर परतलो, कारण बंदरावरचं स्वच्छतागृह अजून बंदच.

होडी, खरेदी, जेवण मिळून १,९४०.

शुक्रवार, परतीच्या वाटेवर.

टपरी बंद होती. बाजारला गेल्या असतील. दारासमोर काजूगराची पिशवी ठेवून आलो, शेजारच्यांना सांगून.

चिपळूणच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाला कुलूप. पंपावरचा पोरगा म्हणाला, ‘किल्ली साहेबांकडे आहे, साहेब जेवायला गेलेत.’ पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट द्यायचं असतं, तेल भरा नाहीतर भरू नका. मी तक्रारवही मागितली. आधी नाही म्हणाले, मग दिली. तारीख, वेळ, कुलूप, सोबत साठी ओलांडलेली मधुमेही बाई, सगळं लिहिलं. खाली माझी सही. आईने वही ओढून घेतली आणि माझ्या सहीखाली तिची केली, पूर्ण नावाने, माहेरच्या गावासकट. तेवढ्यात किल्ली आली.