बाबांची सही

मागच्या शनिवारी सकाळी सकाळी बाबांनी बॉम्ब टाकला, "मला मृत्युपत्र करायचंय." दोन महिन्यांपूर्वीच त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. आई एकदम गप्प. मी मात्र (विषय टाळायलाच असेल) लगेच लॅपटॉप उघडला. तुर्भ्याचं सिडकोचं घर आईला, तिच्यानंतर आम्हा भावंडांना. पीडीएफ तयार. आता आधारचा ओटीपी टाकून ई-सही केली की झालं! भाडेकरार नाही का होत घरबसल्या थंब लावून?

मसाला मार्केटच्या पेढीवर ३० वर्षं मेहताजी असलेल्या बाबांचा एकच प्रश्न, "आणि साक्षीदार?"

म्हटलं, बघू. आणि तोंडावर आपटलो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० म्हणजे खास आमच्या धंद्याचा कायदा. तो कशाकशाला लागू नाही याची यादी त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्यात मृत्युपत्र! २०२२ मध्ये यादी बदलली, तरी मृत्युपत्र तिथेच. म्हणजे आम्हाला नियम १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचा, कलम ६३. करणाऱ्याची सही किंवा अंगठा. किमान दोन साक्षीदार, त्यांनी ती सही होताना पाहिलेली किंवा 'ही माझीच' असं त्याच्याकडून ऐकलेलं. आणि साक्षीदारांच्या सह्या त्याच्या समोर. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक.

आधी चिडचिड झाली. इंग्लंडमध्ये कोविडपायी व्हिडिओवरून साक्ष चालत होती (जानेवारी २०२४ पर्यंत), मग आपलंच काय? पण ओटीपी तरी काय सांगतो? फोन हातात होता, एवढंच. हात कुणाचा आणि मागे कोण उभं होतं, ते नाही. उद्या वाद कोर्टात गेला तर निदान एका साक्षीदाराला, हयात असेल तर, तिथे उभं राहून सांगावं लागतं.

'हयात असेल तर' वाचून मी शेजारच्या काकांबरोबर माझ्या एका मित्रालाही बोलावलं. काका बाबांच्याच वयाचे.

रविवारी बाबांनी सही केली. हात थरथरत होता, पण घाई नाही. काकांची झाली. मित्राने पेन उचललं आणि बाबा गोळी घ्यायला उठले. मी जवळजवळ ओरडलोच, "बाबा, बसा! तुमच्या समोर व्हायला हवी."

सही करून मित्र म्हणाला, "काका, म्हणजे मला आता किती वर्षं जगायचंय?"

"माझ्यापेक्षा एक दिवस जास्त," बाबा म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला.