विकणाऱ्याचं देणं

माझं एक ठाम मत होतं. माणसाने स्वतःच्या हौसेसाठी घेतलेली गाडी विकली, तर तो घेणारा आणि देणारा यांच्यातला व्यवहार. सरकारला जे घ्यायचं ते त्याने आधीच घेतलेलं असतं. विकताना पुन्हा त्याची आठवण काढायचं कारण नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या लहानमोठ्या कारखान्यांच्या हिशेबाच्या वह्या लिहिण्यात माझी उमर गेली. त्यामुळे हे मत कायदा वाचूनच बनलं होतं. आमच्या कुंभवलीत आणि आजूबाजूला सालवड, कोलवडे, पास्थळपर्यंत अनेकांना मी त्याच मताने सल्ला दिला. आज मी तसा सल्ला देत नाही. का देत नाही, ते मोकळेपणाने सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

आधी जुन्या मताची बाजू मांडतो, कारण तिच्यात तथ्य होतं आणि आजही आहे. प्राप्तिकर कायद्यात भांडवली मालमत्तेच्या व्याख्येतून वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू वगळल्या आहेत. दागिने, चित्रं अशा काही गोष्टी त्याला अपवाद, मोटारसायकल नाही. म्हणून स्वतः वापरलेली मोटारसायकल विकून चार पैसे जास्त आले तरी त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. वस्तू व सेवा कराचंही तसंच. 2017 च्या जुलैत हा कर नवा असताना सरकारने खुलासा केला होता की, एखाद्याने आपले जुने दागिने सोनाराला विकले तर तो त्याचा धंदा होत नाही, आणि जुन्या मोटारी व दुचाकींनाही हेच तत्त्व लागू आहे. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवरचा दर सरसकट 18 टक्के केला, तेव्हा बोईसरच्या नाक्यानाक्यावर ‘आता जुनी गाडी विकली तरी 18 टक्के’ अशी आवई उठली. तो दर नोंदणीकृत व्यापाऱ्यासाठी आहे, तोही फक्त नफ्याच्या फरकावर. घरगुती माणसाला तो लागू नाही. ही समजूत मी तेव्हा अनेकांना घातली.

एवढं सगळं बाजूने असताना मत बदलावं का लागलं? निमित्त झालं माझ्या भाच्याच्या मोटारसायकलचं.

भाचा बरीच वर्षं आखातात होता. परतताना तिथे वापरलेली मोठी मोटारसायकल घेऊन आला. घरच्यांना वाटत होतं, संसाराचं सामान येतं तशी तीही येईल. पण सीमाशुल्क कायद्याने ‘बॅगेज’च्या व्याख्येतून मोटार वाहनं स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवली आहेत. फ्रिज, टीव्ही, भांडीकुंडी यांना मिळणारी सवलत गाडीला नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती तयार होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा, ती मुंबईच्याच बंदरातून यावी, आणि सोडवण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या ठरवून दिलेल्या संस्थेत तिची तपासणी व्हावी, अशा अटी. किंमत धरायची रीतही वेगळी. आपण दिलेली पावती तिथे चालत नाही. कंपनीच्या मूळ किमतीतून पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी अडीच असा घसारा वजा करायचा, त्यावर वाहतूक आणि विमा चढवायचा, आणि येईल त्या आकड्यावर कर. नव्या गाडीच्या सवलतीच्या दरासाठी ती आधी कुठेही नोंदलेली नसावी लागते, म्हणजे भाच्याची गाडी त्यात बसत नव्हती. सीमाशुल्क आणि त्यावर एकात्मिक जीएसटी मिळून त्याने गाडीच्या धरलेल्या किमतीहून जास्त पैसे भरले. मग वसईच्या आरटीओत पासिंग झालं आणि एमएच 48 चा नंबर लागला.

पुढे घराच्या बांधकामासाठी पैसे हवे झाले आणि त्याने गाडी विकायला काढली. वापीच्या एका तरुणाला ती आवडली. सौदा ठरला, इसार देण्याची वेळ आली आणि तो म्हणाला, “काका, आरसी बघितली. बिल ऑफ एन्ट्री आणि ड्युटी भरल्याचं चलन दाखवता का?”

बिल ऑफ एन्ट्री म्हणजे आयातीच्या वेळी सीमाशुल्क विभागाकडे दाखल केलेला कागद. भाचा चिडला. “मामा, एवढे पैसे सरकारला मोजले. आता विकतानाही मीच चोर नाही हे दाखवायचं?” मीही त्याच्याच बाजूने होतो. आरसी म्हणजे सरकारी शिक्का. तो असताना मागचं कशाला उकरायचं, असं मी त्या मुलाला सांगितलं. त्याने वाद घातला नाही. कागद मिळाले की कळवा, एवढंच म्हणून तो उठला.

कागद मुंबईच्या क्लिअरिंग एजंटकडे राहिले होते. ते येईपर्यंत मी या विषयातले निकाल आणि बातम्या वाचत बसलो आणि आरसीवरचा माझा भरवसा ढळू लागला. 2025 च्या सप्टेंबरात केरळमध्ये सीमाशुल्क विभागाने ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवलं. भूतानमार्गे कर चुकवून आणलेल्या महागड्या गाड्या, खोट्या कागदांवर दुसऱ्या राज्यांत केलेली नोंदणी आणि तिथून पुढे विक्री, असा तो आरोप होता. नंबरप्लेटही होती आणि आरसीही. तरी गाड्या दारातून उचलून नेल्या गेल्या.

त्याहून जास्त विचार करायला लावला तो कोचीच्या पोर्शे गाडीच्या खटल्याने. आणणाऱ्याने गाडीची माहिती चुकीची दिल्याचा आरोप होता. गाडी हातोहात विकली गेली. 2004 साली ज्याने ती घेतली, त्याच्याकडेच सीमाशुल्काची मागणी आली. 2024 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नंतरचा खरेदीदार म्हणजे आयातदार नव्हे, त्याच्याकडून हे शुल्क वसूल करता येणार नाही. खरेदीदार जिंकला, पण दोन दशकांनी. आणि हा दिलासा शुल्काच्या मागणीपुरता. सूट घेऊन आणलेल्या मालाची अट मोडली, तर माल जप्तीला पात्र ठरतो, असं कायदा सांगतोच. तो माल तेव्हा कोणाच्या अंगणात उभा आहे याने फरक पडत नाही.

इथे मला माझ्या मतातली पोकळी दिसली. मी सगळा विचार विकणाऱ्याच्या बाजूने केला होता. ‘मला किती कर लागेल’ हा एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर शून्य आलं की विषय संपला. घेणाऱ्याच्या डोक्यावर काय राहतं, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. परदेशातून आलेल्या प्रत्येक गाडीची स्थिती सारखी नसते. पूर्ण शुल्क भरून आलेली गाडी मोकळी. वकिलातीसारख्या कुणी सवलतीत आणलेली गाडी अटीला बांधलेली. विकायची तर आधी ती अट फेडायची. ‘कार्ने’वर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर फिरायला आणलेली गाडी तर मुदतीत परत न्यायचीच, ती इथे विकण्यासाठी नसतेच. रस्त्यावर उभ्या केल्या तर तिन्ही सारख्याच दिसतात. फरक फक्त कागदात, आणि तो कागद विकणाऱ्याकडेच असतो.

सचिन तेंडुलकरची फेरारी आठवते? 2002 साली भेट मिळालेल्या त्या गाडीचं एक कोटीच्या वरचं सीमाशुल्क सरकारने माफ केलं आणि देशभर वाद झाला. मी तेव्हा सचिनच्या बाजूने भांडत होतो. एवढं करणाऱ्या माणसाला एवढी सूट द्यायला काय हरकत, असं माझं म्हणणं. प्रकरण न्यायालयात गेलं, शेवटी ते शुल्क फियाट कंपनीने भरलं. 2011 साली गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. आज मी त्या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघतो. शुल्क भरलं गेल्यामुळे सचिनचं नाव तर स्वच्छ राहिलंच, पण पुढच्या मालकाच्या हातीही कुठलीच टांगती तलवार आली नाही.

आयातीवरचा कर म्हणजे हौशी माणसाला केलेला दंड, असंही मी म्हणत असे. तेही आता म्हणत नाही. 2007 साली भारताने 800 सीसीच्या वरच्या मोटारसायकलींची वाट मोकळी केली, त्याच सुमाराला अमेरिकेने आपला आंबा अठरा वर्षांनी पुन्हा घेतला. लासलगावच्या विकिरण केंद्रातून निघालेल्या हापूस-केसरच्या पेट्या आणि अमेरिकेच्या हार्ले एकाच वाटाघाटीत बसल्या होत्या. सीमेवरचा दर हा असा देशादेशांतला सौदा असतो. त्यात कोकणातल्या बागायतदाराचंही पोट गुंतलेलं असतं. दर जास्त वाटले तर ते कमी करा म्हणावं, आणि ते होतातही. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात 1600 सीसीपर्यंतच्या नव्या तयार मोटारसायकलींवरचं मूळ शुल्क 50 वरून 40 टक्क्यांवर आणि त्यावरच्या गाड्यांचं 30 वर आलं. वापरलेली गाडी आणणाऱ्या परतलेल्या माणसाला मात्र आजही फार भरावं लागतं, याबद्दल माझी तक्रार कायम आहे. पण दर अन्यायाचा वाटतो म्हणून भरल्याचा पुरावा मागणारा अन्यायी ठरत नाही.

आणि पुरावा मागणं अन्यायाचं, असं कुंभवलीत राहणाऱ्याने तरी म्हणू नये. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाड्या आणि विहिरी नासल्या, तेव्हा इथली माणसं रस्त्यावर टँकर थांबवून विचारत आली: माल कुठून भरला, कुठे रिकामा होणार, कागद दाखवा. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी 2022 मध्ये कारखान्यांवर भरपाईचा आदेश झाला, तो याच आग्रहातून. दुसऱ्याकडे कागद मागणं हा आपला हक्क आणि आपल्याकडे मागितला की अपमान, हे मला स्वतःशी जुळवता येईना.

भाच्याचे कागद आले. त्या दिवशी वापीचा मुलगा पुन्हा आला. भाच्याने हँडलखालच्या मानेवरचं ग्रीस फडक्याने पुसलं, पातळ कागद लावला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. एकेक अक्षर, एकेक आकडा उमटत गेला. सतरा जागांचा तो चासी नंबर बिल ऑफ एन्ट्रीवरच्या नंबराशी जुळवला, मग आरसीशी. सीमाशुल्काच्या आइसगेट संकेतस्थळावर बिलाचा क्रमांक आणि तारीख टाकून नोंद पाहिली. ठरलेल्या किमतीत तो एक रुपयाही घासाघीस करायला बसला नाही. राज्य बदलणार होतं म्हणून फॉर्म 28 ची एनओसी घेतली, 29 आणि 30 वर सह्या झाल्या. तिथला कर तो तिथे भरणार होता.

माझ्या आणखी एका सल्ल्यात बदल झाला आहे. वसाहतीतल्या वर्कशॉपवाल्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो: गाडी फर्मच्या नावावर घाला, 15 टक्के घसारा मिळतो. कायद्याने ते चालतं, गाडी धंद्यासाठी असेल तर. पण हौसेची मोटारसायकल फर्मच्या वहीत घातली, की विकताना ती वैयक्तिक वस्तू राहत नाही. घसारा जाऊन वहीत 6 लाख उरले आणि गाडी 7 लाखांना गेली, तर नोंदणीकृत फर्मला त्या 1 लाखावर 18 हजार जीएसटी भरावा लागतो, आणि आलेले पैसे प्राप्तिकरासाठीही घसाऱ्याच्या गटातून वजा होतात. घेताना फर्मची आणि विकताना घरची, असं दोन्हीकडून चालत नाही. तसंच, वरचेवर गाड्या घेऊन नफ्यात विकणाऱ्याने ‘माझी वैयक्तिक वस्तू’ म्हणू नये. तो धंदाच आहे.

म्हणून आता माझ्याकडे कुणी बाहेरून आणलेली गाडी विकायची म्हणून येतो, तेव्हा कर किती लागेल हे मी नंतर सांगतो. आधी विचारतो: बिल ऑफ एन्ट्री कुठे आहे? शुल्क पूर्ण भरलं होतं की सवलत घेतली होती? सवलत असेल तर तिची अट फेडली का? गाडी कोणाच्या वहीत आहे? ही उत्तरं घेणाऱ्याने न विचारता त्याच्यापुढे ठेवायची. आरसीवरही बिल ऑफ एन्ट्रीचा क्रमांक ठळक छापला जावा, असं मला मनापासून वाटतं. त्याने कितीतरी खरेदीदार वाचतील. तोवर हे काम विकणाऱ्याचं. सरकारला देणं लागत नसेल, तरी पुढच्या मालकाला तो खरी माहिती देणं लागतो, आणि ती पैसे हातात घेण्याआधी द्यायची असते.