नांवांचा व्यापार

आपल्या भाषेंत नांव ठेवतां येतें, मिळवितां येतें, राखतां येतें आणि बुडवितांही येतें. परंतु नांव अडवून ठेवून तें पुढें चढ्या भावानें विकणें हा स्वतंत्र धंदा होऊं शकेल, ही कल्पना आमच्या वडील पिढीच्या मनासही शिवली नसेल. आज तो धंदा जगभर चालू आहे आणि आपल्या घरांतील सुशिक्षित तरुणही त्यांत पडूं लागले आहेत. म्हणून त्याच्या नीतीचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

इंटरनेटवर प्रत्येक संस्थेचा जो नामरूप पत्ता असतो, त्यास डोमेन म्हणतात. 'डॉट कॉम' या वर्गांतलें पहिलें नांव १५ मार्च १९८५ रोजीं नोंदलें गेलें. पुढें १९९५ सालीं दोन वर्षांस शंभर डॉलर असा आकार बसला; तोंपर्यंत नोंदणी फुकट होती. नियम मात्र पहिल्यापासून एकच : जो आधीं मागेल त्याचें नांव. ही मालकीही नव्हे, भाडेपट्टा आहे, आणि तो एका वेळीं फार तर दहा वर्षांचा. पट्टा वेळेवर वाढविला नाहीं, तर सवलतीचे दिवस सरल्यावर तें नांव पुन्हां सर्वांस मोकळें होतें.

या नियमांतील फट प्रथम लोकांच्या नजरेस आणली ती अमेरिकेंतील जोशुआ क्विटनर या पत्रकारानें. १९९४ सालीं त्यानें मॅक्डोनल्ड्स या बड्या खाद्यकंपनीचें नांव स्वतःच नोंदविलें आणि ती हकीकत छापून टाकली. कंपनीनें एका शाळेच्या इंटरनेटसाठीं ३,५०० डॉलर दिले, तेव्हां त्यानें नांव सोडलें. त्याचा हेतु विनोदाचा होता. मागून आलेल्यांचा तसा नव्हता.

तरीही या धंद्यांतील सर्वांस एका माळेचे मणी म्हणणें अन्यायाचें होईल. 'व्हॉइस', म्हणजे आवाज, हा इंग्रजींतील साधा शब्द. त्याचें 'डॉट कॉम' नांव २०१९ सालीं तीन कोटि डॉलरांस विकलें गेलें. तो शब्द कोणाच्या घामानें मोठा झालेला नव्हता. रस्ता होण्यापूर्वीं जमीन घेऊन ठेवणाऱ्यास जितका दोष द्यावा, तितकाच फार तर येथें देतां येईल. याच्या उलट मुंबई उच्च न्यायालयापुढें १९९९ सालीं आलेला खटला पाहा. 'रेडिफ' हें नांव प्रसिद्धीस आल्यावर दुसऱ्या कोणी एक अक्षर बदलून 'रॅडिफ' असें नांव घेतलें होतें. न्यायालयानें त्यास मनाई केली. एका अक्षराची ती किंमत सर्वस्वीं दुसऱ्याच्या श्रमांतून आलेली होती.

परंतु पुष्कळ प्रकरणें या दोहोंच्या मधलीं असतात. आमच्या एका भाच्यानें नोकरी सांभाळून हा उद्योग आरंभिला. मुदत संपत आलेल्या नांवांच्या याद्या तो रोज रात्रीं चाळीत असे. त्यांत त्यास एका तालुक्याच्या गांवच्या जुन्या ग्रंथालयाचें नांव सांपडलें. तेथील चिटणीस वारले होते आणि स्मरणपत्रें त्यांच्याच बंद टपालपेटींत पडत राहिलीं होतीं. भाच्यानें हजार रुपयांच्या आंत तें नांव घेतलें आणि ग्रंथालयाकडे चाळीस हजार मागितले.

"मामा, मीं चोरी केलेली नाहीं," तो म्हणाला. "मुदत त्यांनीं चुकविली."

"या नांवास दुसरें गिऱ्हाईक आहे काय?" आम्हीं विचारलें.

"नाहीं."

"मग तूं त्यांची अडचण विकतो आहेस."

चार दिवसांनीं त्यानें केवळ खर्च घेऊन नांव परत केलें. मात्र, "तुमच्या सल्ल्यानें हा धंदा चालावयाचा नाहीं," असेंही त्यानें ऐकविलें. तें अगदींच खोटें आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. शेंकडों नांवें सांभाळावीं, त्यांतील मोजकीं विकलीं जावीं, आणि नूतनीकरणाचा आकार मात्र सर्वांचा दरसाल भरावा, अशी ही शेती आहे. मोह होतो तो या टंचाईंतच.

अन्याय नेहमीं लहानाकडूनच होतो असेंही नाहीं. उझी निसान या गृहस्थानें स्वतःच्या आडनांवाचें डोमेन आपल्या संगणकाच्या दुकानासाठीं १९९४ सालीं घेतलें. निसान मोटार कंपनीनें १९९९ सालीं त्याच्यावर एक कोटि डॉलरांची फिर्याद लावली. नांव त्याच्याकडेच राहिलें. पण कज्जा कित्येक वर्षें चालला आणि खर्चानें तो जेरीस आला. २०२० सालीं तो वारला. १९९९ पासूनच्या आंतरराष्ट्रीय तंटानियमांत फिर्यादीस तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नांवांतील साम्य, प्रतिपक्षाचा हक्क नसणें आणि त्याचा दुष्ट हेतु. बळेंच फिर्याद करणाऱ्या धनिकास मात्र ठपक्यापलीकडे तेथें दंड नाहीं. आमच्या मतें ही उणीव मोठी आहे.

नियम हेतूपर्यंत पोंचतो तो पुराव्यानें, आणि तोही उशिरां. घरांतील वडिलांस तो आधीं दिसतो. ज्यांचीं मुलें या व्यापारांत आहेत, त्यांनीं एवढेंच विचारावें कीं, मागितलेली किंमत शब्दाची आहे, कीं दुसऱ्याच्या कष्टाची वा अडचणीची? आणि ज्यांच्याकडे संस्थांचा कारभार आहे, त्यांनीं डोमेन कोणा एका कार्यकर्त्याच्या नांवावर न ठेवतां संस्थेच्या नांवावर ठेवावें, व त्याच्या मुदतीची तारीख वार्षिक सभेच्या तारखेशेजारीं लिहून ठेवावी.