वेगाचा टंच

"अखिलेशवाला लॅपटॉप है, भैया. एसएसडी लग जाएगी ना इसमें?"

लखनौच्या नाझा मार्केटमध्ये माझ्या काउंटरवर हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की आता समोरचा पिशवीची चेन उघडायला लागला तरी आत काय असणार हे मला कळतं. ११ मार्च २०१३ रोजी इथल्याच कॉल्विन तालुकेदार कॉलेजात अखिलेश यादव सरकारने बारावी पास मुलांना लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. पुढे राज्यभर १५ लाखांच्या आसपास वाटले गेले. एचपी कंपनीचे, साधारण १९ हजारांचे, १४ इंची पडद्याचे. २ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज आणि उबंटू दोन्ही भरलेले. चालू केला की मुलायमसिंह आणि अखिलेश या पितापुत्रांचा फोटो समोर यायचा. तो काढायला गेलं तर लॅपटॉप बंद पडतो, अशी वदंता तेव्हा गावोगाव होती. त्या मुलांची आता लग्नं झालीत, पण लॅपटॉप अजून घरात आहे. तो कुणीच टाकून देत नाही. पहिला संगणक टाकून देणं माणसाला जड जातं, आणि फुकट मिळालेला तर त्याहून जड.

मी मूळचा विट्याकडचा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, त्यांत आमचे आबाही. लखनौच्या चौक सराफ्यात त्यांची भट्टी होती. सोनं वितळवायचं आणि टंच काढायचा, म्हणजे शंभरात शुद्ध सोनं किती ते सांगायचं. माझं लहानपण तेजाबाच्या वासात गेलं. आबा एक गोष्ट नेहमी करत. गिऱ्हाइकाने बांगडी आणली की ते वरवर घासत नसत. कानस लावून आधी पृष्ठभाग काढत, मग कसोटीवर रेघ ओढत. "वरचा टंच सगळ्यांचाच चांगला असतो," म्हणत. मी भट्टी सोडून मदरबोर्ड हातात घेतले, पण ही कानस मात्र सोबत आणली. स्वस्तातली एसएसडी तपासताना तीच लागते.

आधी हे सांगायला हवं, की अखिलेशवाल्या लॅपटॉपला कुठलीही खरीखुरी एसएसडी संजीवनीच ठरते. 'खरीखुरी' हा शब्द मुद्दाम घातलाय, कारण अडीच इंची खोक्यात मेमरी कार्ड चिकटवून त्यावर १ टीबी छापलेला मालही बाजारात येतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी सुई त्या पट्ट्यावर न्यायला आणखी दहा-बारा. थोडक्यात, सेकंदाला फार तर साठेक ठिकाणांना भेट. आणि विंडोज उघडताना हजारो बारीक तुकडे डिस्कभर विखुरलेल्या जागांवरून गोळा करते. टास्क मॅनेजर उघडावा तर डिस्क १०० टक्के, आणि लॅपटॉपवाला चहा पिऊन आला तरी गोल फिरतोच आहे. एसएसडीत सुईही नाही आणि फेराही नाही. तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मिळतो. अडीच मिनिटांत उघडणारा लॅपटॉप पंचवीस सेकंदांत उघडतो, तेव्हा मालकाच्या चेहऱ्याकडे बघायला मला अजूनही आवडतं. सोबत रॅम वाढवायला मात्र मी सांगतोच. २ जीबीत मावलं नाही ते विंडोज डिस्कवर टाकत राहते, आणि नव्या एसएसडीला नसती हमाली लागते.

खरी गंमत खोक्यावरच्या आकड्यात आहे. साध्या, साटा जातीच्या एसएसडीवर ५५० एमबी प्रति सेकंद. आणि एनव्हीएमई जातीच्या पट्टीवर ३५००. गिऱ्हाईक हिशेब करतं की ही सहापट वेगवान. तो आकडा एकच मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो. क्रिस्टलडिस्कमार्क नावाच्या चाचणीत मी नेहमी शेवटची ओळ बघतो. चार केबीचे तुकडे, इकडून तिकडून, एका वेळी एकच. तिथे हार्ड डिस्क अर्ध्या एमबीच्या आसपास रेंगाळते, साधी साटा एसएसडी पंचवीस-तीस देते आणि स्वस्तातली एनव्हीएमई पन्नासेक. हार्ड डिस्कवरून पहिल्या एसएसडीवर येताना उडी पन्नासपट, आणि तिथून महागड्या पट्टीवर जाताना जेमतेम दुप्पट. ब्राउझर, टॅली, वर्ड एवढंच काम असेल तर दुसरी उडी जाणवतही नाही. दुकानदार असून हे सांगतो म्हणून शेजारचे गाळेवाले मला वेड्यात काढतात.

आता कानस लावू.

एसएसडीतल्या प्रत्येक कोठडीत विजेचा भार साठवतात. एकच बिट ठेवायचा तर भार आहे की नाही एवढंच ओळखायचं. तीन बिट ठेवायचे तर भाराच्या आठ पायऱ्या ओळखाव्या लागतात, चार बिटांसाठी सोळा. तीन बिटांच्या प्रकाराला टीएलसी म्हणतात, चार बिटांच्या प्रकाराला क्यूएलसी. तेवढ्याच सिलिकॉनमध्ये जास्त माल मावतो म्हणून स्वस्त. पण सोळा पायऱ्यांपैकी नेमकी एक गाठायची तर भार थोडाथोडा, तपासत तपासत भरावा लागतो, आणि त्यामुळे लिहिणं मंदावतं. यावर कंपन्यांनी युक्ती काढली. रिकाम्या कोठड्यांत आधी घाईघाईने एकेकच बिट लिहून टाकायचा, आणि पुढे निवांत वेळ मिळाला की चार कोठड्यांतला माल एकीत कोंबायचा. या घाईच्या जागेला कॅश म्हणतात. खोक्यावरचा लिहिण्याचा वेग हा या कॅशचा वेग. मी त्याला उधारीचा वेग म्हणतो.

उधारीची मर्यादा साध्या भागाकाराने निघते. २४० जीबीची क्यूएलसी पूर्ण रिकामी असली तरी अशा घाईने जास्तीत जास्त ६० जीबी लिहिता येईल. २०० जीबी भरलेली असेल तर उरलेल्या ४० चे फक्त १०. बऱ्याच ड्राइव्ह तर एवढीही मुभा देत नाहीत. चाचणीत मात्र नव्या कोऱ्या ड्राइव्हवर एक जीबीची फाइल फिरवतात. म्हणजे बांगडीचा मुलामाच घासला.

आमच्याकडे लग्नसराईला सहालग म्हणतात. सहालगच्या दिवसांत व्हिडिओवाल्यांची रांग लागते. त्यातल्या एकाने दोन कॅमेऱ्यांचं शंभरेक जीबी शूटिंग स्वस्तातल्या एसएसडीवर टाकायला घेतलं. सुरुवातीला काटा ४५० वर. वीसेक जीबीनंतर तो घसरून पन्नासच्या घरात आला आणि तिथेच बसला. "डुप्लिकेट दे दी आपने," म्हणत तो ड्राइव्ह घेऊन आला. डुप्लिकेट नव्हती, कॅश संपली होती. आणि पन्नास हा त्याच्या जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी वेग. सलग लिहिण्यात चांगली हार्ड डिस्क शंभराच्या आसपास देतेच. त्याला मी हातातल्या पैशांत टीएलसीची, डीरॅमवाली दुसरी दिली. ज्याचा धंदाच मोठ्या फाइलींचा आहे त्याने स्वस्ताच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी खुशाल जावं.

डीरॅम म्हणजे काय, तेही सांगतो. कुठली फाइल कुठल्या कोठडीत आहे याचा एक नकाशा ड्राइव्हला सतत लागतो. १ टीबीला साधारण १ जीबीचा नकाशा. चांगल्या ड्राइव्हमध्ये तो ठेवायला वेगळी चिप असते. स्वस्तात ती गाळतात. एनव्हीएमई पट्टी अशा वेळी लॅपटॉपच्याच रॅममधला छोटा कोपरा मागून घेते, साटावाल्यांना तीही सोय नाही. ड्राइव्ह गच्च भरली की नकाशाची पानं चाळण्यातच तिचा वेळ जातो. म्हणून मी प्रत्येकाला पाचवा हिस्सा रिकामा ठेवायला सांगतो. ऐकतं कोण?

आणि एक दुखणं असं, की आज कस लावलेला माल उद्या त्याच नावाने तोच असेलच असं नाही. किंग्स्टनच्या व्ही-३०० मध्ये आधी एक मेमरी होती, नंतर मंद जातीची आली, नाव तेच. २०२१ मध्ये क्रुशियल पी-२ टीएलसीवरून क्यूएलसीवर गेली. त्याच वर्षी डब्ल्यूडी ब्लू एसएन-५५० ची कॅश संपल्यानंतरची लिहिण्याची गती ६१० वरून ३९० वर आल्याचं परीक्षकांनी दाखवून दिलं, आणि कंपनीने बदल मान्यही केला. सराफ्यात असा प्रकार झाला असता तर दुसऱ्या दिवशी दुकानापुढे गर्दी जमली असती.

लखनौचा उन्हाळाही यात हात घालतो. भार साठवलेली कोठडी हळूहळू गळते आणि उष्णतेने ती गळती वाढते. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने, तिची लिहिण्याची ठरलेली मुदत संपल्यावरही, विजेविना ३० अंशांत वर्षभर माहिती टिकवायला हवी. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ ला भिडतो. पत्र्याखालच्या खोलीतल्या कपाटाचं तापमान काय असेल याची कल्पनाच करा. नव्या ड्राइव्हला याची फार भीती नाही, पण वापरून झिजलेली एसएसडी फोटो भरून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे.

झिजेची भीती मात्र लोकांना उगाच वाटते. २४० जीबीच्या साध्या ड्राइव्हवर आयुष्यभरात ८० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी चार हजार दिवस, म्हणजे अकरा वर्षं. इतकं कुणी लिहीत नाही. माझ्याकडे मरून येणाऱ्या ड्राइव्ह झिजून मेलेल्या नसतात, त्या अचानक गेलेल्या असतात. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली, तो चार्जरवरच चालतो, आणि वीज जाते. त्याच क्षणी नकाशा लिहिला जात असेल तर तो अर्धवट राहतो. महागड्या सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये अशा वेळेपुरती वीज धरून ठेवणारे कपॅसिटर असतात, इथे ते कुठून येणार? दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह आपलं नावही विसरलेली असते. कंपनीच्या नावाच्या जागी पडद्यावर 'साटाफर्म एस-११' अशी अक्षरं उमटतात, आणि ती दिसली की मी आधी गिऱ्हाइकाला स्टूल देतो. एका मुलीचा पीएचडीचा प्रबंध असाच गेला होता. चिपमधली माहिती बहुधा शाबूत होती, नकाशा नव्हता. मला तो परत आणता आला नाही.

म्हणून एसएसडी बसवली की काढलेली हार्ड डिस्क मी फेकू देत नाही. हार्ड डिस्क बहुधा मरण्याआधी कुरकुरते, खडखडते, चार दिवस देते. डीव्हीडीच्या जागी कॅडीत बसवतो, किंवा केसिंगमध्ये घालून हातात देतो. फोटो, कागदपत्रं, प्रबंध, सगळ्याची एक प्रत तिच्यावर.

परवा गोमतीनगरहून एक शिक्षक आले, २०१३ चा लॅपटॉप घेऊन. एसएसडी बसवली, रॅम वाढवली, पंचवीस सेकंदांत विंडोज उघडलं. जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून जोडली आणि त्यांनी समोरच आतले फोल्डर चाळले. बीएडच्या नोट्स, बहिणीच्या लग्नाचे फोटो, आणि एका कोपऱ्यात ते पितापुत्रांचं चित्र.

"यह हटा दूँ, सर?" मी विचारलं.

"रहने दीजिए," ते म्हणाले. "जगह बहुत है."