आम्हीही म्हणालो, सही कर

राजारामपुरीच्या गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात. त्यांतल्याच एका गल्लीत २०१७ च्या ऑक्टोबरात आम्ही रुग्णाभ्यंगाचे तेल घेऊन गेलो होतो. मावशींच्या नडगीवर आरंभी एक बारीकशी पुळी आली. चार-सहा दिवसांत तिचा तळहाताएवढा, जांभळ्या काठाचा व्रण झाला. पांघरुणाचा स्पर्शही त्यांना सोसवेना. रुग्णालयात नेऊन शल्यचिकित्सकांनी सडलेला भाग काढला, तर जखम आवरण्याऐवजी पसरली. पुन्हा कापले, पुन्हा पसरली. शेवटी गुडघ्याखालून पाय काढण्याचे बोलणे निघाले.

मुलाने विचारले, "फादर, काय करू?"

आम्ही म्हणालो, "जीव वाचतो आहे ना, मग सही कर."

सही होण्यापूर्वी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पाय पाहिला. जखमेपेक्षा मावशींचीच त्यांनी अधिक चौकशी केली. शौचातून रक्त जाते का? जात होते, कित्येक वर्षे. संकोचापायी त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. सलाईनची सुई टोचली होती तेथेही नवा फोड उठला होता. पू तपासला असता जंतू सापडत नव्हते. काठाचा तुकडा तपासून, जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाल्यावरच बाईंनी रोगाचे नाव सांगितले: पायोडर्मा गँग्रिनोसम.

नाव ऐकून जंतू आणि गँग्रीन डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः हा रोग ना जंतूंचा, ना गँग्रीनचा. १९३० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ब्रन्स्टिंग आणि सहकाऱ्यांनी हे नाव ठेवले, तेव्हा त्यांनाही जंतूंचाच संशय होता. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी येथे आपल्याच त्वचेवर उलटतात आणि नव्या घावाने अधिकच चवताळतात. म्हणून सुरी लागली की व्रण वाढतो. आतड्यांच्या दाहाशी या रोगाचे जुने नाते आहे. रॉबर्ट स्वीट यांनी १९६४ साली वर्णिलेला तापाचा व लाल, दुखऱ्या चट्ट्यांचा विकारही याच कुळातला. मात्र मांस कुजवणारा खरा जंतुसंसर्ग असता, तर शस्त्रक्रियेतला विलंब प्राणावर बेतला असता. त्यामुळे त्या शल्यचिकित्सकांना दोष द्यायला आमची जीभ उचलत नाही.

आमची गोष्ट निराळी. सेमिनरीत लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायाचा आम्हांला भारी कंटाळा येई. याजकाने कातडीवरचा चट्टा पाहावा, शंका असल्यास सात दिवस थांबून पुन्हा पाहावे, यात कसले आले अध्यात्म, असे वाटे. त्या याजकाने चट्टा पाहिला तरी होता. आम्ही पट्टीच्या आत न डोकावताच निर्णय दिला.

प्रेडनिसोलोन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ठणका उतरला. व्रण भरायला पाच महिने लागले. चाळणीसारखी खूण राहिली. पुनरुत्थानाच्या सणाला मावशी आपल्या पायांनी मिस्सेला आल्या. मुलगाही बरोबर होता. सहीचा विषय त्याने काढला नाही; आम्हीही काढला नाही.